पाठमोरं

१

महत्त्वाचा रोल प्रशील कधीच एकदम धुवायचा नाही. आधी चाचणीचा रोल. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, एकाच जागेचा, एकाच उजेडातला एकच फोटो पुन्हा पुन्हा काढायचा, मग घरी अंधाऱ्या खोलीत त्या फिल्मच्या पट्ट्या कापायच्या. एक पट्टी चित्र उमटवणाऱ्या पातळ डेव्हलपरमध्ये, एक जरा दाट द्रावणात, एक अजिबात पाणी न मिसळता. ज्या पट्टीत चेहरा चेहऱ्यासारखा दिसेल, तिचं द्रावण पक्कं. खरे रोल त्यातच धुवायचे.

पोट लग्नाच्या कामांवर चालायचं आणि ती कामं डिजिटल कॅमेऱ्यावर व्हायची. कृष्णधवल फिल्म हे त्याचं वेड होतं. मेहरूण भागातल्या घरात न्हाणीघराला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीला काळा पडदा लावून त्याने डार्करूम केली होती. पावडरी मागवून, तोलून डेव्हलपर तो स्वतःच बनवायचा.

या वेळी काम केळीचं होतं. पुण्याच्या एका प्रदर्शनासाठी फैजपूरच्या बाजूची केळी, ती उतरवणारी माणसं आणि ती पिकवायच्या बंद, गार खोल्या. खोल्यांमध्ये उजेड जवळजवळ नसतो आणि प्रशीलला फ्लॅश चालत नसे. म्हणून चारशे संवेदनक्षमतेची फिल्म सोळाशेची समजून वापरायची आणि कमी पडलेला उजेड धुताना जास्त वेळ देऊन भरून काढायचा. याला पुश करणं म्हणतात. शिकायला येणाऱ्यांना तो एक गोष्ट बजावून सांगायचा, "पुश केल्याने उजळ भाग आणखी उजळतो. अंधारातलं काही वर येत नाही. जिथे उजेड पडलाच नाही, तिथे कुठलंही रसायन काही उगवू शकत नाही."

केळीचे व्यापारी चुडामणभाऊ यांच्या अशा खोल्या फैजपूरच्या रस्त्यालाच होत्या. त्या दिवशी त्याच्या बायकोच्या, संघमित्राच्या शाळेला सुट्टी होती. ती नशिराबादला शिक्षिका. चाचणीच्या रोलसाठी कोणीतरी उभं राहायला हवं होतं, म्हणून तीही सोबत आली. टोकाच्या खोलीचं जाड दार उघडलं तशी गार हवा आणि कच्च्या केळीचा उग्र वास अंगावर आला. प्रशीलने कॅमेरा दाराबाहेर लावला. संघमित्रा आत, दारातून येणाऱ्या उजेडात, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या मागे केळीच्या कॅरेटच्या थप्प्या आणि त्यांच्या मागे काळोख.

"हलू नकोस," प्रशील म्हणाला.

"हलत नाहीये. लवकर आटप, पाठ गारठली."

रोल संपेपर्यंत ती तशीच उभी होती.

२

पहिली पट्टी त्याने नेहमीच्या हाताने धुतली. एक भाग डेव्हलपर, तीन भाग पाणी. एकास तीनचं हे पाणी सौम्य असतं, फोटो मऊ येतो. पट्टी सुकल्यावर त्याने ती दुधी काचेवर ठेवली, काचेखालचा दिवा लावला आणि भिंग डोळ्याला लावलं.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. उजेड काळा, अंधार पारदर्शक. संघमित्रा काळसर उमटली होती आणि तिच्या मागे, जिथे काळोख होता, तिथली फिल्म काचेसारखी स्वच्छ असायला हवी होती. तशी ती नव्हती. तिच्या डाव्या खांद्यामागे करडा डाग होता.

डाग पडतातच. पाण्याचा थेंब, धुवायच्या बंद डब्यात, म्हणजे टाकीत, नीट न फिरलेलं द्रावण, कुठून तरी शिरलेला उजेड. पण असे डाग फोटोगणिक जागा बदलतात. हा पट्टीतल्या प्रत्येक फोटोत त्याच जागी, त्याच आकाराचा होता. त्याने फोटो संगणकावर घेतला, उलटा करून मोठा केला.

मागच्या भिंतीला तोंड करून कोणीतरी उभं होतं. मान किंचित खाली. शिक्षा केलेलं मूल उभं राहतं तसं, पण माणूस मोठा होता.

असेल एखादा मजूर, असं प्रशीलने स्वतःला सांगितलं. आपण बघितलं नाही. पण मजुरावर पडायला तिथे उजेड कुठून आला, हा प्रश्न त्याने बाजूला सारला आणि दुसरी पट्टी घेतली. आता एकास एक, वेळही वाढवलेला.

संघमित्रा आधीपेक्षा ठसठशीत आली. मागचा माणूसही. त्याचा उजवा खांदा आता भिंतीकडे नव्हता. तो वळायला लागला होता.

प्रशील खुर्चीत मागे टेकला. यात काय आहे, फोटो काढता काढता माणूस हलला, एवढंच. ही पट्टी नंतरची असणार. खात्री करायला त्याने फिल्मच्या कडेवरचे आकडे बघितले. कंपनीनेच छापलेले क्रमांक असतात ते. दुसरी पट्टी आधी काढलेली होती, रोलच्या सुरुवातीची. पहिली तिच्या नंतरची. शिवाय एका पट्टीतल्या सगळ्या फोटोंमध्ये माणूस केसभरही हललेला नव्हता.

म्हणजे तो खोलीत वळला नव्हता. तो वळला होता द्रावणात.

३

संध्याकाळी संघमित्रा शाळेतून आली, चप्पल काढली आणि बैठकीत भिंतीला टेकून बसली. एरवी ती थेट स्वयंपाकघरात जायची.

"काय झालं?"

"काही नाही. तू हसशील."

"सांग तर."

"दुपारी शिक्षकांच्या खोलीत बसले होते. मागे भिंत, भिंतीला कपाट. आणि मला वाटलं की मागे कोणीतरी पाय बदलला. म्हणजे आपण खूप वेळ उभे राहिलो की या पायावरचा भार त्या पायावर घेतो ना, तसं." ती स्वतःच हसली. "नूतन मॅडमना म्हटलं, कपाटात उंदीर असेल."

"असेल."

"आमच्या घरात भूत हा शब्द काढला तरी बाबा ओरडायचे," ती म्हणाली. "माणसाला भीती घालून वाकवायची जुनी युक्ती आहे म्हणायचे. आणि मी बसलेय अशी, भिंत धरून."

प्रशीलने चहा ठेवला. दुपारी, ती म्हणत होती त्याच सुमाराला, आपण दुसरी पट्टी टाकीत घातली होती, हे त्याने सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? योगायोगाला सांगण्यासारखं काही नसतं.  

४

तिसरी पट्टी तो धुणार नव्हता. पण दोन दिवस तो त्याच चित्रापाशी परत परत येऊन बसला आणि शेवटी त्याच्या मनाने एक वाट काढली. पातळ द्रावणात फिल्मचा दाणा, म्हणजे चित्र ज्या बारीक ठिपक्यांचं बनतं ते, मऊ होतो, डोळ्याला नसलेले आकार दिसतात. ढगात हत्ती दिसावा तसे. दाट, पाणी न घातलेल्या डेव्हलपरमध्ये पूर्ण पुश केलं तर दाणा वाळूसारखा भरड येईल आणि तो माणूस त्या वाळूत विस्कटून जाईल. मग सगळंच संपेल. संघमित्रालाही दाखवता येईल.

रविवारची सकाळ होती. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, समोरच्या गच्चीवर कोणीतरी गादी झोडपत होतं. प्रशीलने पट्टी अंधारात टाकीत बसवली, झाकण लावलं, दिवा लावला आणि द्रावण ओतलं. मधूनमधून टाकी उलटी-सुलटी करत राहिला. टाकी हातात नेहमीपेक्षा गार लागत होती. द्रावण तर त्याने कोमट घेतलं होतं.

वेळ भरत आला तेव्हा पलीकडे भांडं पडलं. मग दारावर थाप.

"प्रशील."

"थांब, आत्ता उघडता येत नाही."

"प्रशील, तू आत काय केलंस आत्ता?"

तिचा आवाज मोठा नव्हता. लहान मूल झोपलेलं असताना बोलावं तसा दबका होता. त्याने हात चालू ठेवले, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. डेव्हलपर ओतून दिला, चित्र पक्कं करणारा फिक्सर घातला.

"का गं?"

"माझ्या मागे कोणीतरी श्वास रोखून धरलाय," ती दाराला चिकटून म्हणाली. "सोडत नाहीये. मी मोजत होते. माणूस एवढा वेळ धरू शकत नाही."

पट्टी ओलीच असताना त्याने ती दुधी काचेवर धरली. दाणा आला होता, हवा होता तसाच भरड. संघमित्राचा चेहरा वाळूचा झाला होता. मागचा मात्र विस्कटला नव्हता. त्याला दाणाच नव्हता. कान दिसत होता, जबड्याची कड दिसत होती, गाल. गालाच्या पुढे, जिथून डोळा सुरू होतो, तिथे फिल्म स्वच्छ होती. थोडा आणखी वेळ दिला असता तर तेही आलं असतं.

आणि तो कॅमेऱ्याकडे वळत नव्हता. तिच्याकडे वळत होता.

त्याने दार उघडलं. ती पाठ भिंतीला घासत बाजूला सरकली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने सगळं सांगितलं आणि तिन्ही पट्ट्या दाखवल्या. तिने भिंग लावून बराच वेळ बघितलं.

"किती उरल्यात?" तिने विचारलं.

"एक."

५

दुसऱ्या दिवशी तो एकटाच फैजपूरला गेला. चुडामणभाऊ बाहेर ट्रकवाल्याशी बोलत होते. खोली बघायची म्हटल्यावर त्यांनी जीवरामला सोबत दिलं. जीवराम धुळ्याकडचा, बरीच वर्षं इथे कामाला. त्याने दार उघडलं आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

माल निघून गेला होता. खोली रिकामी होती. मागची भिंत पांढरी, सपाट. कोनाडा नाही, खिडकी नाही, दुसरं दार नाही. प्रशील आत गेला, भिंतीला हात लावला. गार होती, पण बाकीच्या भिंतीही गारच होत्या. त्या दिवशी संघमित्रा उभी होती तिथे येऊन तो दाराकडे तोंड करून उभा राहिला. काहीच वाटलं नाही. याचीच त्याला जास्त भीती वाटली. इथे आता काही नव्हतं.

"या खोलीत कोणी थांबतं का?" बाहेर येऊन त्याने विचारलं.

"आठे कसाले कोन थांबी, भाऊ?"

"काही वेगळं, कधी?"

जीवरामने दार ओढून घेतलं, कडी घातली. मग म्हणाला, "तुम्ही इचारं म्हनीसन सांगस. या खोलीमा केळी एकच आंगे पिकतस. दारकडनी पिवळी. भितकडनी हिरवीच ऱ्हातस."

"का?"

"माले काय माहीत." त्याने कडी पुन्हा ओढून बघितली. "पन या खेपले बठ्ठी पिकनी. दोन्ही आंगे."

चुडामणभाऊ पलीकडून हसत म्हणाले, "पायगुण चांगला आहे बरं तुमच्या मंडळींचा. माल असा एकसारखा कधी निघाला नव्हता या खोलीतून."

६

आधारनानांचा धुळ्यातला स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. प्रशील त्यांच्याच हाताखाली शिकलेला. या खेपेला संघमित्राही आली, कारण ती आता घरात एकटी राहत नव्हती. एसटीत ती शेवटच्या बाकावर बसली. मागे फक्त पत्रा, तरी सगळा प्रवास ती एक हात मानेवर ठेवून होती.

नानांच्या घरी त्यांच्या बायकोने, लिलाबाईंनी, पाणी दिलं. नानांनी पट्ट्या खिडकीच्या उजेडात धरल्या आणि सवयीने एकेक शंका काढली. टाकी हलवायची पद्धत, जुनी फिल्म, पाण्यातला क्षार. प्रशीलने प्रत्येकीचं उत्तर दिलं. मग नानांनी चष्मा काढला, तिसरी पट्टी डोळ्यापाशी नेली, बघितली आणि पालथी करून टेबलावर ठेवली. पुन्हा उचलली नाही.

"चौथी कुठे आहे?"

"डबीत. धुतलेली नाही."

"जाळून टाकू का, नाना?" संघमित्राने विचारलं. "मी याला तेच म्हणतेय."

"जाळता येईल पोरी," नाना सावकाश म्हणाले. "पण फिल्मवर जे पडायचं ते बटण दाबलं तेव्हाच पडून गेलं. धुणं म्हणजे फक्त ते किती दिसू द्यायचं एवढंच. जाळलं तर ते किती वळलेलं होतं हे कळणारच नाही. तसंच राहील तुझ्या मागे, न धुतलेलं."

 लिलाबाई दारात उभ्या होत्या, त्या हळूच आत येऊन संघमित्राच्या मागे बसल्या, तिच्या पाठीला पाठ लावून. संघमित्राने डोळे मिटले.

"तू पुश करत गेलास," नाना प्रशीलला म्हणाले. "प्रत्येक वेळी जास्त. आता उलटं कर. खेच मागे. एकास सहा पाणी घाल, गार घे, वेळ निम्म्याहून कमी. इतकं दुबळं कर की उजेडातलंच जेमतेम उमटेल. दाट पाण्यात वळला असेल तर पातळ पाण्यात परत भिंतीकडे जाईल. गेला तर गेला."

"आणि नाही गेला तर?"

नानांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "दुसरं माझ्याकडे काही नाही, बाळा," ते म्हणाले.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने चौथी पट्टी टाकीत बसवली. संघमित्रा बाहेरच्या खोलीत होती. सगळ्या खिडक्या तिने उघड्या टाकल्या होत्या आणि ती भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. एकमेकांना आवाज द्यायचा, असं ठरलं होतं.

त्याने द्रावण ओतलं. पाण्यात बर्फ घालून गार केलेलं, जवळजवळ रंग नसलेलं.

"मित्रा?"

"आहे. आहे तसंच आहे. श्वास धरलेला."

त्याने टाकी हलवली, अगदी हळू. त्याच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला, पण पुसायला त्याने हात काढला नाही.

"मित्रा?"

"थांब." आणि मग बऱ्याच दिवसांत न ऐकलेल्या आवाजात, "प्रशील, सोडला."

"काय?"

"श्वास सोडला त्याने. जातंय. लांब जातंय रे. पाठ मोकळी वाटतेय."

प्रशीलच्या तोंडून हुंदक्यासारखं काहीतरी निघालं. वेळ होताच त्याने डेव्हलपर मोरीत ओतला, फिक्सर घातला, कधी नव्हे ती घाई केली. बाहेर ती उठल्याचा आवाज आला, मग तिच्या पावलांचा, मग काहीच नाही. पट्टी धुऊन त्याने दुधी काचेवर ठेवली.

फिल्म विरळ होती, श्वासाची वाफ बसलेल्या काचेसारखी. नानांनी सांगितलं होतं तशीच. त्याने आधी डावा खांदा शोधला, खांद्यामागची जागा. स्वच्छ. पारदर्शक. डाग नाही, माणूस नाही, भिंतीकडे तोंड केलेलं कोणी नाही. पहिला फोटो, दुसरा, तिसरा. कुठेच नाही. त्याने भिंग खाली ठेवलं, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि मग एकदा तिलाही नीट बघावं म्हणून भिंग पुन्हा उचललं.

संघमित्रा तिच्याच जागी होती, दारातून आलेल्या उजेडात. पण चेहरा नव्हता. वेणी होती. ती कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी होती, पट्टीतल्या प्रत्येक फोटोत, काळोखाकडे तोंड करून. मान किंचित वर होती, आपल्यापेक्षा उंच कोणीतरी अगदी जवळ उभं असावं तशी.

डार्करूमच्या भिंतीपलीकडे घर शांत होतं. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. प्रशीलने पडदा सारला आणि दार उघडलं.

बाहेरच्या खोलीत भरपूर ऊन होतं. ती खोलीच्या मधोमध उभी होती. भिंतीला टेकलेली नव्हती, मानेवर हात नव्हता. खांदे सैल होते. तिची पाठ त्याच्याकडे होती.

"मित्रा," तो म्हणाला.

"हं."

"इकडे बघ जरा."

"बघते. किती बरं वाटतंय, खरंच. मागे कोणी नाही आता."

ती बोलत होती त्याच्याशीच, पण आवाज इतका खालचा होता की समोर, तोंडाजवळ उभ्या असलेल्यालाच तो ऐकू जावा. प्रशील तिचा चेहरा दिसावा म्हणून दोन पावलं उजवीकडे गेला. तीही तेवढीच वळली, सावकाश, सहज. वेणी त्याच्यासमोरच राहिली. तो डावीकडे आला. तीही आली.

मग तो तिच्या अगदी मागे येऊन थांबला. तिचे खांदे धरून तिला फिरवता आलं असतं. त्याचे हात पुढेही झाले. पण वळल्यावर काय दिसेल, हे त्याच्या मनात आलं आणि हात तिथेच राहिले, उन्हात, तिच्यापासून वीतभर अंतरावर.

"मग?" ती हसत म्हणाली, दर वेळी चाचणीनंतर विचारायची तसंच. "कोणतं पाणी ठरलं?"